तोरणमाळची सहल आणि साहेबांची घंटी

"ही घंटी वाजली, की तोरणमाळची सहल रद्द. दोन्ही बाजूंची!" मी जाहीर केलं आणि वर्गाचे डोळे विस्फारले.

भारत-पाकिस्तानच्या अणुचाचण्या नुकत्याच झाल्या होत्या. धुळ्याच्या कॉलेजात मी पॉलिटिकल सायन्स शिकवायचो. मुलं एकच विचारायची, "सर, आता युद्ध होणार का?" पुस्तकातलं उत्तर होतं डिटरन्स. सोप्या भाषेत धाक. तू मला संपवलंस तर मीही तुला संपवेन, म्हणून दोघंही गप्प. हे खेळून दाखवायची कल्पना सुचली आणि मला कोण आनंद झाला! त्या भरात प्रिन्सिपल साहेबांच्या टेबलावरची पितळी घंटी न विचारताच उचलून आणली.

खडूने मधोमध सीमा आखली. एकीकडे मुलं, कॅप्टन रवींद्र. दुसरीकडे मुली, कॅप्टन वंदना. तिच्या आबांनी तिला पहिल्यांदाच मुक्कामाच्या सहलीला सोडायचं कबूल केलं होतं. घंटी कुणीही वाजवू शकत होतं.

कुणी हात लावेना. मी मनातून खूश. तेवढ्यात रवींद्रने मुलींचा एक बाक रेषेपलीकडे ओढून नेला.

वंदनाचा हात घंटीकडे गेला. मैत्रिणीने तो धरला. "अवं, एक बाकनाकरता सहल बुडाडशी का?"

रवींद्रने दुसरा बाक ओढला. मग तिसरा. मुलीही धावल्या. मोठं युद्ध नाही, पण चकमकी जोरात! पुस्तकात पानंच्या पानं खाणारा मुद्दा समोर घडत होता. आनंदाने मी टेबलावर चढायचाच बाकी होतो.

"बठ्ठा बाक त्यास्ना व्हई ग्यात!" एक मुलगी ओरडली. खरंच, मुलींकडे एकही बाक उरला नव्हता. वंदनाने रडवेल्या चेहऱ्याने घंटीवर हात उगारला. आणि हात मागे घेतला.

तेवढ्यात प्रिन्सिपल साहेब आत आले. "काय चाललंय? आणि माझी घंटी इथे कशी?" गोंगाटात त्यांचं कुणी ऐकेना. शिपायाला बोलावताना आपटतात तसा त्यांनी सवयीने घंटीवर हात आपटला.

टण्ण!

सगळे गार. वंदनाने घंटी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"साहेब, तुम्ही सहल रद्द केलीत," मी म्हणालो आणि नियम सांगितला.

"मला काय ठाऊक? सहल जाईल!"

वर्गाने कॉलेज डोक्यावर घेतलं.

तोरणमाळच्या घाटात, एसटीत, वंदना माझ्या मागच्या सीटवर होती. गाणी थांबल्यावर तिने विचारलं, "सर, खरी घंटी चुकून वाजली, तर सहल परत कोण देणार?"

तेव्हापासून डिटरन्स शिकवताना मी सांगतो, धाकाने भांडणाऱ्यांचे हात आवरतात. घंटी मात्र टेबलावरच राहते.