फिनेलच्या घरातली पाल

लग्नानंतर बायको कोकणातून पिंपरीला आली, तेव्हा तिच्या नारळांच्या पोत्यातून एक पालही आली. मी पोतं उलटं केलं, नारळ गडगडले आणि शेपूट तुटलेली ती बया भिंतीकडे धावली. मी थेट खाटेवर. बायको हसली असती तर बरं झालं असतं, पण माहेर सोडून आलेली ती, डोळे अजून सुजलेलेच होते.

माझी अट एकच होती: पाल एक तर बाहेर, नाहीतर काचेआड. बायकोला ती घरात हवी होती. तिच्या माहेरी कुणी काही बोललं आणि पाल चुकचुकली, की बोललेलं खरं ठरायचं. सगळे जमिनीवर बोट आपटून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायचे. आमच्या नव्याकोऱ्या क्वार्टरमध्ये पाल सोडाच, मुंगीसुद्धा नव्हती. “इथं बोललेल्याला साक्ष कोण देणार?” ती म्हणाली. मग मी एका हलवायाकडून त्याची जुनी काचेची पेटी आणली, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला आणि पालीची सोय केली.

घरात मुंगी नव्हती, ती माझ्यामुळे. मी औषधांच्या कारखान्यात होतो. तिथे बाटल्या उकळायच्या, हात चोळचोळून धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. जंतू हा शब्द मी नुकताच शिकलो होतो आणि ते मला जिथे तिथे दिसायचे. घरी दिवसातून दोनदा फिनेलनं फरशी. शेजारीण गप्पांना आली की तिच्या पायांच्या मातीकडे मी असा बघायचो, की ती उंबऱ्यावरूनच मागे फिरायची. तळवड्याहून येणारी दूधवाली तर पायरीच्या खालीच. पेटीही सुटली नाही. तिला रोज फिनेलचं फडकं, आत उकळून गार केलेलं पाणी आणि जेवायला मऊ दूधभात! पाहुणीची याहून बडदास्त ती काय ठेवायची?

पालीनं दूधभाताला तोंड लावलं नाही. बायकोही दिवसेंदिवस गप्प होत गेली, आणि दोन्हींचं कारण मला कळलं नाही. एक दिवस तिनं ट्रंक भरली.

“माहेरी जाऊन येते,” एस्टीत बसताना ती म्हणाली. “खरं सांगू का, मला इथं करमत नाही. यावंसं वाटलं तर येईन. तोवर पाल जगवा.”

भांडली असती तर मी समजूत काढली असती. पण ती शांतपणे बोलली आणि एस्टी सुटली.

आता पाल मेली तर संसार गेला, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आणि पाल तर वाळत चालली होती. कातडी पांढुरकी पडली, कंबरेची हाडं दिसायला लागली. शेवटी मी दूधवालीला आत बोलावलं. ती नाकाला पदर लावूनच आली.

“दादा, ह्या वासानं मानूस गुदमरंल, ही तर पाल हाय! आन् दूधभात कशाला? मांजर हाय का ती? जित्तं, पळणारं किडं लागत्यात तिला.”

“आणि ही पांढरी का पडली?”

“कात टाकतीया. वलसर जागा द्या. वाटीतलं न्हाई प्यायची, काचंवर पानी शिंपडा, चाटंल.”

फिनेलची बाटली मी फळीवर मागे सारली. पेटी साध्या पाण्यानं धुतली, तळाला माती पसरली, बाभळीची साल आणि एक ओलं कौल ठेवलं. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली मी किडे पकडताना लोक माझ्याकडे बघायचे, बघोत बापडे. शेजारीण भाजी निवडताना सापडलेल्या अळ्या आणून द्यायची आणि पाल खाते का ते बघत तासभर बसायची. दूधवाली बाजरीतले नाकतोडे पदराच्या टोकाला बांधून आणायची. पालीनं कात टाकली, आणि टाकलेली कात स्वतःच गिळली. मला किळस आली नाही, उलट इतका आनंद झाला की लगेच बायकोला कार्ड लिहिलं. नवं शेपूट फुटलं तेव्हा दुसरं लिहिलं. उत्तर एकाचंही नाही.

“बाई कवा यायच्या?” एका दुपारी दूधवालीनं विचारलं. शेजारीणही होतीच.

“येईल, ह्याच पंधरवड्यात,” मी ठोकून दिलं.

पेटीतून आवाज आला: चुक्, चुक्, चुक्. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. दोघी बायकांनी फरशीवर बोट आपटलं, “कृष्ण कृष्ण!” आणि जंतूंच्या मागे लागलेला मी शहाणा माणूस, मीही आपटलं. एकदा नाही, तीनदा.

ती दहाव्या दिवशी आली, न कळवता. दारात ट्रंक घेऊन उभी राहिली. फरशीवर पायांचे मातकट ठसे होते, दुधाचे थेंब होते, थेंबांना मुंग्या होत्या. तिनं सगळं बघून घेतलं.

“फिनेल संपलं का?”

“संपलं,” मी म्हणालो.

तिनं पेटीकडे कान दिला. मीही दिला. पाल हू की चू करेना. मग तिची नजर फळीवर, मागे सारलेल्या भरल्या बाटलीवर गेली.

“बघा, साक्ष मिळाली नाही,” असं म्हणून ती हसली. त्या घरात पहिल्यांदाच हसली, आणि हसत हसतच तिनं ट्रंक खाटेखाली सरकवली.