तळवा म्हणून टाकलेलं बोट

राव सार माणसाच्या चेहऱ्याआधी त्याची बोटं बघायचे. जळगावहून मी चेन्नईत नोकरीला आले, तेव्हा शहराबाहेर ओरगडमला असलेल्या आमच्या कंपनीत पहिल्याच दिवशी त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. "बारीक आहेत. टेस्टिंगला बरीं," एवढंच म्हणाले. मराठी ऐकून मी चमकले. ते मूळचे तंजावरकडचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण तिला तमिळ हेल. 'मी म्हणालो' न म्हणता 'मी म्हटलों' म्हणायचे.

गाड्यांमधल्या टचस्क्रीनचे ड्रायव्हर ते लिहायचे, म्हणजे स्क्रीनला काय जाणवतंय ते सिस्टिमला सांगणारे प्रोग्रॅम. एकदा माझी पाचही बोटं काचेवर ठेवायला लावून त्यांनी शेजारच्या मॉनिटरवर सरकणाऱ्या ओळी दाखवल्या. प्रत्येक बोटाला एक नंबर. ते कुठे आहे, किती जागा व्यापतंय. "बघ मा, बोट कोणाचें, तें मशीनला ठाऊक नाहीं. आम्ही लिहून देतों, तेंच तिला खरें." तमिळ घरांत लेकीला लाडानं म्हणतात, तसं ते मला 'मा' म्हणायचे.

एका नियमाचा त्यांना अभिमान होता. गाडी चालवताना तळवा चुकून स्क्रीनला टेकला, की गाणं बदलायचं. म्हणून ठरावीक आकाराहून मोठा स्पर्श 'तळवा' ठरवून सोडून द्यायचा, पुढे कळवायचाच नाही. "नको तें आंत येऊं नये," असं ते म्हणायचे.

मग मामींना अर्धांगवायूचा झटका आला. मामी म्हणजे त्यांची बायको. वाचा गेली, उजवा हात गेला, संधिवातानं आधीच आखडलेल्या डाव्याची मूठ वळली ती उघडेना. मुलीनं टॅबलेट आणून दिला. त्यावर पाणी, दुखतंय, कुशीवर वळवा अशी चित्रं होती आणि खाली तमिळ अक्षरं, कारण घरातली मराठी ते तमिळ लिपीतच लिहायचे.

रविवारी मी अण्णा नगरला त्यांच्या घरी गेले. मामी वळलेल्या मुठीनं 'पाणी'वर मारत होत्या. टॅबलेट ढिम्म. पुन्हा मारलं, पुन्हा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. राव सार भिंतीला टेकून उभे होते. "तिची मूठ तळवा ठरली, मा," ते म्हणाले. "असलाच नियम मी लिहिलों. स्वतःच्या हातानें."

ऑफिसच्या परवानगीनं त्यांनी चाचणीचं एक जुनं पॅनेल घरी नेलं, टॅबलेटवरची चित्रं-अक्षरं त्यावर घेतली, रजा टाकली आणि ड्रायव्हर नव्यानं लिहायला घेतला. नियम काढला, तर नुसतं मनगट टेकलं तरी 'दुखतंय' वाजायचं आणि घरी ठेवलेली नर्स धावत यायची. हात थरथरायचा, म्हणून दर क्षणी स्पर्श तुटायचा आणि एकच दाबणं सिस्टिमला दहा वेगळी बोटं वाटायचं. चुकलं की मामी तोंड फिरवायच्या. ते पाया पडल्यासारखे विनवायचे, "एकदां, अजून एकदांच." डॉक्टरांनी दुसऱ्या झटक्याची भीती घातली होती. राव सारांची दाढी वाढली.

शेवटी त्यांनी तुटलेला स्पर्श लगेच तिथेच परत आला, तर त्याला जुनाच नंबर द्यायचा, आणि मनगट सोडून मुठीचं टोक धरायचं, असं केलं. दुपारचे तीन वाजले होते. मीही होते. मामींनी चित्रांकडे बघितलंही नाही. अक्षरांवर मूठ नेली. एकेक अक्षर उमटायला किती वेळ लागला. 'पुरे.' मग 'जेवा.'

राव सार सकाळपासून उपाशी होते. ते पलंगाच्या कडेला बसले आणि हुंदके देऊन रडले. मामींची मूठ त्यांच्या गुडघ्यावर पडून राहिली.

आठ दिवसांनी दुसरा झटका आला. मामी गेल्या.

पॅनेल परत करायला ते एकदाच ऑफिसात आले. मॅनेजरसमोर हात जोडून म्हणाले, "हा नियम बंद करण्याची सोय प्रत्येक स्क्रीनवर ठेवा. मूठ वळलेली माणसेंही गाडीत बसतात." मॅनेजर सांत्वनाचं बोलले आणि पुढच्या व्हर्जनमध्ये बघू म्हणाले. राव सार नोकरी सोडून मुलीकडे तंजावरला गेले.

त्यांची जागा आता माझ्याकडे आहे. मी तीनदा लेखी मागणी केली, तीनदा ती मागे पडली. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"तो नियम बदलला काय, मा?"

"हो, सार. बदलला," मी म्हणाले.

"बरें झालें," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चौथी मागणी लिहायला घेतली.