ऑर्कुटावरचा शिमगा

वर्षाली खोबरेकरला तोंड होतं, आणि मालवणच्या अर्ध्या बाजारपेठेला ते ठाऊक होतं. आई पद्मावती दारोदार मासळी विकायची, बाप रापणीची जाळी ओढायला जायचा, आणि खोबरेकरांच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ही एकटीच. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाठ घ्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरची द्वाड पोरंही कान टवकारून ऐकायची. पण वर्गाबाहेर कुणी वाकडं बोललं, की त्याची बिनपाण्याने व्हायची.

शिमग्यात तर तिला ऊतच यायचा. वाडीतली पोरं सोंगं घेऊन दारोदार शबय, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागायला जात, आणि शबय मिळेपर्यंत घरमालकाच्या नावाने जी गाणी म्हणत, त्यातली निम्मी वर्षालीने रचून दिलेली असत. शिमग्यात काहीही बोलावं, कुणी मनावर घेत नाही. होळीची राख थंड झाली की बोललेलंही संपलं. खुद्द शिव्या खाणाराच दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला की हसतो. हा इथला रिवाज आहे आणि तो वर्षालीच्या रक्तात होता. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

२००९च्या शिमग्यात पोरं भाई तेरसेंच्या दारात गेली. भाई म्हणजे तिथल्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या शाळेत मास्तर व्हायचं तर आधी त्यांच्या घरी काय काय पोचवावं लागतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. वर्षालीने रचलं होतं:

भाईच्या शाळेत लागूक होया?
काजीची गोणी घराक न्हेया!
फळो नि खडू मगे बघूया,
आधी भाईचा प्वाट भरूया!

भाई पोट धरून हसले आणि वर शबय दिली. झालं, एवढ्यावर थांबावं की नाही? पण दुसऱ्या दिवशी ही बया विकीच्या सायबर कॅफेत जाऊन बसली आणि अख्खं गाणं ऑर्कुटवर स्वतःच्या स्क्रॅपबुकात टाकून आली. भाईंच्या नावासकट, शाळेच्या नावासकट. वर फोटो तिचा, छात्राध्यापिकेच्या गणवेशातल्या साडीतला. खाली इन्सुलीच्या सलोनीने, म्हणजे तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीने लिहिलं, "आजून घाल गो!" आणि हिने आणखी घातलं.

पुढच्याच आठवड्यात डी.एड.च्या अनुजा मॅडमनी वर्गात बजावलं. "उद्या तुम्ही शिक्षिका होणार. तुमचं पान पालक बघतील, संस्था बघेल. तिथे कुलूप लावायची सोय असते, ते लावा आणि नको ते पुसून टाका." वर्षाली मागे वळून सलोनीला म्हणाली, "मॅडमका शिमगो खंय ठावक?" मॅडम कोल्हापूरच्या. दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या.

परीक्षा झाल्या आणि भाईंच्या शाळेत शिक्षणसेवकाची एक जागा निघाली. जागा एक आणि तालुक्यातल्या सगळ्यांचा डोळा तिच्यावर. वर्षालीला ती हवीच होती. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा, आईच्या डोक्यावरची पाटी खाली उतरवायची तर एवढाच मार्ग होता. अर्ज सलोनीनेही केला होता, पण गुणांत वर्षाली तिच्या पुढे होती. काजूची गोणी न देता मी लागून दाखवते, असं तिने चारचौघांत सांगितलंही होतं.

मुलाखतीला भाई, मुख्याध्यापक आणि कॉम्प्युटरपाशी भाईंचा पुतण्या अजय. भाईंनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. अजयला नुसती मान हलवून खूण केली. पडद्यावर गाणं आलं.

"हे कुणाचं?"

"शिमग्यातलं आहे, सर. तुमच्या दारात म्हटलं तेव्हा तुम्ही हसला होतात."

"दारातलं त्याच दिवशी विसरलो मी. हे अजून आहे. मुंबईहून माझ्या जावयाने वाचून फोन केला. त्याला मी काय सांगू, शिमगा आहे म्हणून? या दिवसांत?"

वर्षालीच्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलं. कारण माणूस कितीही नालायक असला तरी एवढं बोलला ते खरं होतं. आणि पडद्यावर तिला आणखी एक गोष्ट दिसली. सलोनीचं एकही वाक्य तिथे नव्हतं. सगळं पुसलेलं. एकटी वर्षालीच स्वतःशी बडबडत बसल्यासारखी दिसत होती.

भाई एकदम मवाळ झाले. "पोर आहेस. चूक होते. जिथे लिहिलंस तिथेच माफी लिही, पूर्ण नावानिशी. सोमवारी बघू."

ती तशीच विकीकडे गेली. "संस्थेच्या अध्यक्षांवर मी निराधार व बदनामीकारक मजकूर लिहिला, ही माझी गंभीर चूक आहे," असं तिने शुद्ध मराठीत लिहिलं. निराधार हा शब्द लिहिताना तिला स्वतःची किळस आली. तरी लिहिला. नोकरी हवी होती.

सोमवारी जागा सलोनीला मिळाली. विचारायला गेली तर भाई मान वर न करता म्हणाले, "बदनामी केल्याची जिने स्वतः जाहीर कबुली दिलीय, तिच्या हाती मुलं कशी देऊ? उद्या पालक विचारतील."

तेव्हा तिला कळलं, माफी कशाला लिहून घेतली ते. नुसत्या गाण्यावर नाकारलं असतं तर गाव हसलं असतं भाईंना. आता हसायला कुणाला जागाच उरली नव्हती.

सलोनी तिला एस.टी. स्टँडवर सापडली. वर्षाली बांद्याच्या गाडीला आडवी उभी राहिली.

"तुझा लिवलेला खंय गेला गो?"

"पुसलंय," सलोनी म्हणाली. "मॅडमनी सांगल्यानी त्याच दिवशी."

"नि माका सांगूक काय झालेला तुका?"

"तू वर्गात न्हय हुतंस? तुया आयकलंस, मीया आयकलंय. तू हसलंस, मी पुसलंय."

"आणि हसलंस कित्याक मगे माझ्यावांगडा?"

सलोनी तिला वळसा घालून पुढे झाली. गाडीत चढली आणि पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन बसली. वर्षालीने तिला नाही नाही ते म्हणून घेतलं. अख्खा स्टँड ऐकत होता. पण एकाही शिवीने तिचं मन भरलं नाही, कारण सलोनीचं म्हणणं तिला खोडता येत नव्हतं.

त्या आठवड्यात वर्षाली घराबाहेर पडेना. शेवटी पद्मावतीने तिला मासळीच्या फेरीला ओढून नेलं. तेरसेंच्या फाटकाशी आल्यावर भाईंची बायको बाहेर आली. या आळीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "पद्मा, इसवण आसा गो?"

"आसा," पद्मावती म्हणाली. पण सुरमईची ती पाटी तिने डोक्यावरून उतरवली नाही. "पण तुमका देवची नाय. तुमच्या घोवान माझ्या चेडवाकडसून खोटा लिवन घेतल्यान. खरा बोलूची लाज वाटली तेंका, म्हणान. ह्या मी शिमग्यात सांगणय नाय हां."

शेजारची दारं उघडली. वर्षालीने आईकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. आईने आपल्या उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी इसवण बाजारात पडेल त्या भावाने विकावी लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आळीत पद्मावतीला कुणी हाक मारली नाही.