साडीखालचं ऊन

मी लग्न केलं नाही, घर केलं. धुळ्यात, देवपुरात, कॉलेजच्या पगारावर हळूहळू बांधलेलं, वर मोकळी गच्ची असलेलं. नाना निवृत्त झाले तेव्हा आई-वडिलांना मी इकडेच आणलं. सामानात आईच्या जुन्या साड्यांचं एक भलंमोठं गाठोडं होतं. मी ते बोहारणीला द्यायला निघाले, तर आईने माझ्या हातातून ओढून घेतलं. या साड्या नेसायच्या नाहीत, झाकायच्या आहेत, असं तिने मला ठणकावलं.

झाकणं हा आमच्या घराचा कुळाचारच म्हणा ना. नानांची सगळी नोकरी जळगाव जिल्ह्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात गेली, बॉयलरवर. आम्ही राहायचो केंद्राच्या कॉलनीत, चिमण्यांच्या पायथ्याशी. कोळसा जळला की राख होते आणि कितीही अडवली तरी थोडी उडतेच. आमच्याकडे ती तुळशीवर बसायची, सायकलच्या सीटवर बसायची, माठावर बसायची. त्यामुळे प्रत्येक वस्तूला काही ना काही पांघरूण असायचं. कपडे वाळत घालायच्या आधी बायका अंगणात येऊन चिमणीचा धूर कुणीकडे झुकलाय ते बघायच्या. दोरीवर पांढरीशुभ्र चादर दिसली की त्या क्वार्टरमधली बाई नवी आहे हे सगळ्यांना कळायचं.

सगळ्यात कडक बंदोबस्त असायचा तो बिबड्यांना. बिबडे म्हणजे आमच्या खान्देशातले ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, खाटेवर ओलं धोतर पसरायचं आणि त्यावर ओल्या हातांनी बिबडे थापायचे. आम्ही पोरं तो गरम घाटा तेल घालून ओरपायचो आणि मग कामाच्या वेळी गायब व्हायचो. थापून झालं की आई खाटेवर एक पातळ वायलची साडी ताणून बांधायची. राख साडीवर राहायची, ऊन साडीतून खाली उतरायचं. संध्याकाळी साडी झटकली की खाली बिबडे तयार. ती ते शिंदखेड्याला माहेरी घेऊन जायची, तेव्हा तिच्या वहिन्या एकेक बिबडा उजेडात धरून राख शोधायच्या. कुणालाही कधी सापडली नाही, हे आई आजही आल्यागेल्याला सांगते.

नानांना मात्र राखेचा राग कधी आला नाही. बॉयलर आणि त्यावर चालणारं वीज करणारं यंत्र, या जोडीला तिथले लोक ‘सेट’ म्हणायचे. नाना ज्या सेटवर होते तो त्यांच्या लेखी घरचा होता. पाचोऱ्याला कुणाच्या लग्नाला गेलो की मांडवावरच्या माळांकडे बघत ते हळूच म्हणायचे, आपलाच शेतस, आपलेच आहेत. लहानपणी मला खरोखर वाटायचं की पाचोऱ्याचे सगळे दिवे आमच्या मालकीचे आहेत. पुढे सेट जुना झाला. एव्हाना देशभर कोळसा कमी करून ऊन-वाऱ्यावर वीज करायचं घाटत होतं. नानांच्या निवृत्तीच्या थोडं आधी त्यांचा सेट कायमचा बंद झाला. त्या दिवसाबद्दल ते घरी एक अक्षर बोलले नाहीत.

बोलत असायची ती मी. मी भूगोल शिकवते. कोळशाच्या धुरावर तासभर बोलायला सांगा, मी दोन तास बोलेन. गच्चीवर सोलर बसवायचं मी ठरवलं आणि जेवताना जाहीर केलं. आईला एवढीच काळजी की बिबड्यांच्या खाटांना जागा उरेल ना. नाना म्हणाले, बसव, घर तुझं आहे. ‘घर तुझं आहे’ हे वाक्य ते त्या आधी कधी बोलले नव्हते, आणि ते मला झोंबलं.

पॅनल बसले. गल्लीतली माणसं बघून गेली, नाना काही वर आले नाहीत. शिंदखेड्याच्या रस्त्याला आता कपाशीच्या जागी पॅनलांची शेतंच्या शेतं दिसतात. एका लग्नाला बसने निघालो होतो, तर नाना खिडकीची जागा सोडून मधल्या बाजूला येऊन बसले. नाना, बघा तरी केवढं पसरलंय, असं मी मुद्दाम म्हटलं. त्यांनी झोप आल्याचं सांगून डोळे मिटले. त्यांना काय लागलंय ते मला कळत होतं. आपण ज्या कामात जन्म घातला ते वाईट होतं, असं आपली लेकच गच्चीवरून जगाला सांगते आहे, हे त्यांच्या मनात होतं. त्यांना तसं वाटू नये म्हणून माझा जीव तुटायचा. पण समजवायला गेले की माझा मास्तरणीचा सूर लागायचा आणि ते पेपर उघडायचे.

त्यात भर म्हणजे आमच्या पॅनलांना वीजच धड होईना. दिवसभरात किती वीज झाली ते मोबाइलवर दिसतं. धुळ्याचं चैत्रातलं ऊन म्हणजे डोकं तापवणारं, आणि मोबाइलवरची आमची रेघ दुपारीसुद्धा मरगळलेली. मी रोज चिडून आकडा सांगायची आणि नाना भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, मी काय बोलणार, मी कोळशेवाला. त्यांच्या मिशीखाली हसू असायचं. ते वेगळ्या कारणाचं आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी मी पॅनल बसवणाऱ्यांकडे तक्रार केली. आली ती साक्रीकडची एक तरुण मुलगी, पाठीवर अवजारांची पिशवी, डोक्याला रुमाल. मी कॉलेजातून अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी आले होते. एरवी मी सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि उन्हाळ्यात गच्ची आईच्या ताब्यात असल्यामुळे रविवारीही तिकडे फिरकायची नाही. आम्ही दोघी जिना चढून वर गेलो.

सगळे पॅनल साड्या नेसून बसले होते. एकावर गुलाबी फुलांची, एकावर विटलेली मोरपंखी, एकावर माझ्या मावशीच्या लग्नातली. प्रत्येकीच्या कडांना नाडे लावून त्या खालच्या लोखंडाला पक्क्या बांधलेल्या. ती मुलगी आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली. मागून आई धापा टाकत पाणी घेऊन आली. साड्या कुणी बांधल्या, असं मी विचारलं तेव्हा तिला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना.

“धूळ बसस ना, माय,” ती म्हणाली. “झाकीसन ठेवं ते चांगलं ऱ्हास.”

अगं, पण मग ऊन कसं लागणार, असं मी म्हटलं. त्यावर तिने मलाच वेड्यात काढलं. जन्मभर बिबडे साडीखाली वाळले, ते काय सावलीत वाळले का? साडी पातळ आहे, ऊन खाली जातं, धूळ वर राहते. रोज सकाळी बांधायची, संध्याकाळी सोडून झटकायची. एवढ्या महाग वस्तूची एवढी निगा कुणी राखत असेल तर दाखव, असं ती वर त्या मुलीला म्हणाली. त्या मुलीने तिला समजावलं की बिबड्याला ऊब पुरते, याला उघडं ऊन लागतं. आईचा चेहरा उतरला. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती सरळ मनाने बोलून गेली: पण रोज तुझ्या नानांसमोरूनच तर साड्या वर नेते. नाडे कमी पडले तेव्हा त्यांनीच सुंभ तोडून दिला.

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, नानांना सगळं दिसत होतं. ती तशीच जिना उतरली, मी तिच्या मागे. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

“तुम्हले बठ्ठं दिसी ऱ्हायंतं,” आई म्हणाली. “मंग माले सांगं का नही? मना गुडघास्नं दुखनं तेबी दिसनं नही का?”

मी तर पुरती भडकले होते, तोंडाशी दहा वाक्यं तयार होती. नानांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते आईलाच सांगत होते, थांबत थांबत. बॉयलरवर रीत अशी होती की पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला नाही तर दुसरी पाळीही तिथेच काढायची. घरी ताप असो, सण असो, चार्ज कुणाच्या तरी हातात देऊनच निघायचं. सेट बंद झाला त्या दिवशी आग विझवली, सगळ्यांनी हात धुतले.

“बठ्ठा घर निंघी ग्यात,” नाना म्हणाले. “चार्ज लेवाले कोनीच उना नही.”

मग ते म्हणाले की चार्ज घ्यायलाच कुणी आलं नाही, तर इतकी वर्षं कोळसा जाळला तो कशासाठी, हे त्यांना तेव्हापासून कळेनासं झालंय. वरचं हे चालेनासं दिसलं तेव्हा बरं वाटलं, म्हणून गप्प राहिले. माझी दहाच्या दहा वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभी राहून रडले.

आईचा राग मात्र तिथे संपला नाही. तिने अबोला धरला. नानांना वाढायची, पण आणखी हवं का विचारायची नाही, आणि नाना न विचारता मागणाऱ्यातले नव्हते. असे काही दिवस अर्धपोटी गेल्यावर एका सकाळी मला गच्चीवर पाण्याचा आवाज आला. नाना लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, लांब दांड्याच्या फडक्याने पॅनल धूत होते. जिन्याच्या भिंतीवर एक छोटं यंत्र लावलेलं आहे, त्यावर वीज किती होते तो आकडा दिसतो. धुऊन झाल्यावर ते हात मागे बांधून त्या आकड्यासमोर उभे राहिले. ऊन वर येत होतं तसा तो वाढत होता. आई टॉवेल घेऊन वर आली, तेव्हा त्यांनी तिला बोटाने तो दाखवला. तिने आधी पाय पुसायला सांगितलं. अबोला सुटला.

त्यानंतर पॅनल धुण्याचं काम नानांकडे गेलं ते गेलंच. संध्याकाळीही ते वर जाऊ लागले. आकडा उतरत उतरत शून्यावर येईपर्यंत थांबायचे आणि मगच खाली यायचे. शून्य बघायला काय जायचं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की आता घरातले दिवे कॉलनीकडच्यांच्या, म्हणजे कोळशाच्या, विजेवर लागणार. पाळी बदलताना कुणीतरी हजर नको का? भूगोलात हे एवढ्या सोप्या शब्दांत मी कधी शिकवलं नव्हतं.

परवा दुपारी त्यांच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. तो वयाने बराच लहान, शेजारच्या नव्या सेटवर अजून नोकरीत आहे. बॉयलरच्या आवाजाने नानांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. तो वैतागून सांगत होता की हल्ली दुपार झाली की सेटचा जोर उतरवायला लावतात, कारण सगळीकडून उन्हाची वीज येते. ऊन कललं की पुन्हा धावपळ करून चढवायचा. या पत्र्यांनी आमची किंमत घालवली, भाऊ, असं तो म्हणाला. मी हातातलं काम थांबवलं. सगळं दुखणं पुन्हा वर येतं की काय, अशी मला धास्ती वाटली.

नानांनी त्याला आधी विचारलं, आज डब्यात काय आणलंय. तो म्हणाला, कळण्याची भाकरी आणि भरीत, पण डबा अजून उघडलेला नाही. सकाळच्या पाळीला नाना असायचे तेव्हा जागा सोडता न आल्याने त्यांचा डबा कितीदा तरी तसाच परत यायचा. आई तो उघडून बघायची आणि घासायला टाकायची. आता ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

“मंग बस, निवांत जेवी ले,” गच्चीच्या जिन्याकडे बघत नाना म्हणाले. “आम्ही शेतस ना आठे.”