सामुआप्पाचा पयला सवाल

लबाड? मिशनच्या देवळाचा पंच हून रुबेन सामुआप्पाला लबाड म्हनतोय? मग माज्यासमोर येऊन म्हनावं की, घरात दार लावून कशाला! थोमा, तू त्येचा धाकटा भाऊ, म्हनून तुला सांगतुय. सामुआप्पा तिकडं झोपडीत तापानं फनफनलाय. तापावरचं कोयनेल सगळं लढाईवर गेलंय, दवाखान्यात मिळंना. आन् तुजा भाऊ म्हनतोय, लोकांवर हात ठिवून बरं करनाऱ्याला आता कोन बरं करतंय त्ये बघू.

बस हितंच. उठू नगंस. मी शिकल्याला न्हाय, दोन यत्ता झाल्या आन् गाडी हाकाय लागलो. पर निपानीपासनं बेळगावपातुर सामुआप्पाला प्रचाराला माज्याच गाडीतनं न्हेलाय. वखारीत तंबाखूचं बोद रचत्यात न्हवं, तशा त्येच्या गोष्टी माज्याकडं साठल्यात. एक काडली की तिच्याखाली दुसरी हायेच.

*

आमची वळख भांडनातच झाली. संकेश्वरच्या बाजारात एका गाडीवाल्यानं माज्या बैलाला चाबूक वडला. मी त्येच्या तोंडात ठिवून दिली. दात त्येचा पडला, पर बोट माजं मोडलं. हात सुजून भोपळा झाला. कुनीतरी म्हनलं, चिंचंखाली एक मिशनचा प्रचारक बसलाय, तेल लावून प्रार्थना करतोय, लोक बरी हुत्यात. गेलो.

उंच, वाळल्याला मानूस. अंगात विटका कोट, पायात काय न्हाय, म्होरं करडीच्या तेलाची बाटली. माज्या हाताकडं बघितलंबी न्हाय. म्हनला, "कुनासंगं बोलत न्हाईस?"

ह्यो त्येचा पयला सवाल. दुखतंय कुठं, ह्ये मागनं. ज्येच्यासंगं बिनसलंय त्येच्याकडं जाऊन आल्याबिगर त्यो कुनाच्या अंगावर हात ठेवायचा न्हाय. मी शिव्या दिल्या. त्यो शेंगा फोडून खात बसला. शेवटाला ठनका सोसंना, तवा गेलो त्या गाडीवाल्याकडं, चुकलं म्हनलो, आन् माघारी आलो. सामुआप्पानं हात ठिवला, प्रार्थना केली, आन् म्हनला, "आता हाडवैद्याकडं जा."

"मग तू कशाला हाईस?"

"हाड त्यो बसवंल. तुला आज झोप लागती का न्हाय, त्ये माजं काम."

लागली की.

*

निपानीच्या एका तंबाखूवाल्या शेटला दम्यानं धरलतं. त्येनं टांगा धाडला. सामुआप्पा त्येच्या गादीजवळ बसला आन् सवाल टाकला. शेटनं सख्खा भाऊ सांगितला, जावई सांगितला, वाटनीतला चुलता सांगितला. सामुआप्पा म्हनला, ह्यास्नी भेटून या, मग मी हायेच. शेटनं बोटावर तिघं मोजलं. मग गड्याला हाक मारली, "ह्यास्नी पोचवून ये. मी दमाच ठेवतो."

सामुआप्पा टांग्यात बसला न्हाय. चालत निघाला, आन् येस वलांडंस्तवर हसत हुता. म्हनला, इतका खरं बोलनारा रोगी आजवर भेटला नव्हता.

*

कणकुंबीच्या रानात एका गवळ्यानं म्हस आनून हुबी केली. दूध चोरतीया, हात ठेवा म्हनला. सामुआप्पाला चेष्टा सुचली. "ही कुनासंगं बोलत न्हाय?"

गवळ्यानं खरंच इचार केला. म्हनला, भावाच्या म्हशीला बघितली की शिंगं रोखती.

"आन् तू भावाला बघितलास की?"

गवळ्यानं कासरा वडला आन् म्हस घिऊन समोरच्या टेकाडावर भावाच्या घराकडं निघून गेला. सांजच्याला आमास्नी तांब्याभर दूध आनून दिलं. म्हस बरी झाली का दूध भावाकडचं हुतं, त्ये त्येनं सांगितलं न्हाय. सामुआप्पा मला म्हनला, "गावात बोलू नगंस. न्हायतर उद्या माज्या दारात गाढवं हुबी ऱ्हातील."

*

आता तुज्या भावाची गोष्ट. त्यो सगळीकडं सांगत सुटलाय की वडगावची पोरगी सामुआप्पापायी गेली, दवाखाना सोडून प्रार्थना करत बसला. खोटं हाय. गाडी माजी हुती.

पोरीचा बाप मागावर लुगडी इनायचा. आमच्यातला न्हवं, पर बोलवनं आलं म्हनून गेलो. पोरीचा घसा धरल्याला. सामुआप्पानं सवाल इचारलाच न्हाय, तिच्या कपाळावर हात ठिवला आन् त्याच हातानं तिला उचलून माज्या गाडीत घातली. बैलं पळवली. बेळगावात डॉक्टरनं सुई टोचली. सामुआप्पा दवाखान्याच्या पायरीवर गुडघं टेकून बसला. पोरगी गेली.

आई भाईर आली. म्हनली, "तुमच्या देवानं का ऐकलं न्हाय?"

दुसरा प्रचारक असता तर म्हनला असता, तुमचा इस्वास कमी पडला. मी असली लई बघितल्याती. सामुआप्पा म्हनला, "माजंबी ऐकलं न्हाय, आक्का. का, त्ये मला ठावं न्हाय."

रविवारी देवळात, देवानं काय केलं त्येची साक्ष द्यायची पाळी त्येचीच हुती. हुबा ऱ्हायला. म्हनला, "प्रार्थना केली. पोरगी गेली. आमेन." आन् खाली बसला.

आमच्या हनाक्काचं पोर मागल्या पावसाळ्यात गेलतं, तवापासनं तिच्या डोळ्याला पानी नव्हतं. ती तिथं बाकावर रडली. मोकळी रडली. पर रुबेन पंच ताडकन उठला, म्हनला, बरी झाल्याली सांग, गेल्याली कशाला सांगतोस, मानसं देवळात येतील का? त्या दिसापासनं सामुआप्पाला साक्षीला हुबं ऱ्हाऊ दिलं न्हाय. त्ये कमिटीनं ठरवलं म्हनं. कमिटी कोन? तुजा भाऊ.

*

आन् आज सकाळचं ऐक. ह्ये कुनालाच सांगितलं न्हाय अजून.

मी तेलाची बाटली घेतली. म्हनलो, आप्पा, आज मी हात ठेवतो तुज्यावर. त्येनं माजं मनगट धरलं. "आधी सवाल इचार."

मला इचारायचा नव्हता. इचारला.

"रुबेन," म्हनला.

मी म्हनलो, थांब, वडून आनतो त्येला. "न्हाय. ज्येला बरं व्हायचंय त्येनं जायाचं असतंय. मला न्हे."

गाडीत घातला, तुज्या भावाच्या दारात उतरवला. दार लावल्यालं. कट्ट्यावर टेकला, अंग नुसतं भाजत हुतं. "रुबेन, आलोय रं." परत हाक मारली, तसा तुजा भाऊ आत मोठ्यानं गीत म्हनाय लागला. हाक कानावर पडू नये म्हनून, दुसरं काय!

सामुआप्पानं भाईरनं त्यात आवाज घातला. खालच्या सुरात, देवळात त्येच्या शेजारी बसून म्हनायचा तसा. रुबेन थांबला. ह्यो एकलाच म्हनत ऱ्हायला, धापा टाकत. दुसरं कडवं झालं. तिसऱ्यात अडकला. तापात गीताची वळच आठवंना. तिथंच थांबला, डोळं मिटलं.

आतनं रुबेननं पुढची वळ म्हनली.

सामुआप्पानं ती धरली आन् गीत संपवलं. दार न्हाय उघडलं. मी त्येला उचलून झोपडीत आनला. तेल लावू का म्हनलो, तर म्हनला, अजून न्हाय.

गाडी भाईर जुपल्याली हाय. ऊठ थोमा. सामुआप्पा जाऊन आला, आता पाळी तुज्या भावाची. जा, भावाला घिऊन ये.