खिळ्यावर टांगलेली तार

ती घटना आठवली की कूलरच्या पत्र्याला हात लावण्याआधी आजही माझं बोट थबकतं. घरचे हसतात. हसू देत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात, उत्तरेकडच्या एका ठाण्यात जमादार होतो. गाव माझं पाटण खोऱ्यातलं. तिथं हिवाळ्यात शेकोटी, पावसाळ्यात इरलं आणि उन्हाळ्यात पडवीतली सावली, एवढ्यावर माणसाचं भागतं. सातवीत शाळा सुटली, मामाच्या ओळखीनं नागपूरला आलो, पोलिसात लागलो. या शहरानं मला भाकरी दिली, त्याचे उपकार मी विसरत नाही. पण इथला उन्हाळा मला कधी कळला नाही आणि कूलर तर त्याहून नाही. पोलीस लायनीतल्या माझ्या खोलीत एक जुना कूलर होता. बदली होऊन गेलेल्या जमादारांनी जाताना दिलेला. जरीपटक्यातल्या एका मिस्त्रीनं तो खिडकीत बसवून दिला होता. बटन दाबलं की वारा येतो, इतकंच माझं ज्ञान.

मे महिन्यातल्या एका दुपारी ठाण्यात खबर आली. एका शाळामास्तरांची आई कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून गेली. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला आणि कागद माझ्याकडे आले.

मास्तर भाड्यानं राहत होते. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात घरमालकीणबाईंचा नळ. कूलर अंगणाच्या बाजूनं खिडकीला, लोखंडी स्टँडवर. खाली ओल, लवंडलेली बादली. म्हातारी अनवाणी होती. मी दोन पंच बोलावले आणि दिसेल ते लिहून काढलं. शिक्षण कमी असल्यामुळे मला एक सवय लागली होती. काय महत्त्वाचं ते आपल्याला कळणार नाही, तेव्हा सगळंच लिहायचं. वरिष्ठ माझ्या लांबलचक पंचनाम्यांना कंटाळायचे.

कूलर बसवणारा मिस्त्री कोण, तर जरीपटक्यातला तोच. मास्तरांचे नातेवाईक रोज ठाण्यात यायचे. एकच मागणी, मिस्त्रीला आत टाका. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "जमादार, आठ दिवसांत सांगा. गुन्हा नोंदवायचा की मर्ग बंद करायचा?" गुन्हा नोंदवला की मिस्त्रीचं वायरमनचं परमिट जाणार, हे उघड होतं. चार माणसांचं घर त्या परमिटावर चालत होतं.

तो ओळखीचा, म्हणून मी मुद्दाम जास्त कडक वागलो. कोणी बोट दाखवायला नको. रोज सकाळी त्याला बोलवायचं, सायकल स्टँडसमोरच्या बाकावर बसवायचं, संध्याकाळी सोडायचं. ऐन मे महिना. लोक कूलरसाठी त्याच्या दुकानाशी येऊन परत जात होते.

"अर्थिंग दिलं होतं?" मी विचारलं. हा शब्द मी आदल्याच दिवशी वीज मंडळाच्या माणसाकडून ऐकला होता.

"दिलं होतं साहेब. अर्थची तार नळाच्या पाइपाले बांधली. ते बांधल्याबिगर मी बटन दाबतच नाही."

"नळाला तार नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मंग कोनी सोडली असन. त्यायले इचारा ना."

त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, "तार? आठवत नाही बुवा. हवा गार येते का, एवढंच आम्ही पाहिलं." मास्तरीणबाई म्हणाल्या की मिस्त्री जाताना काहीतरी बडबडत होता खरा, पण त्या वेळी पाहुणे आले होते. मालकीणबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मले का समजते बाप्पा त्यातलं?" त्यांचं आणि गेलेल्या म्हातारीचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. रोज दुपारी दोघी त्याच कूलरपुढे वाती वळत बसायच्या.

मी परत बाकापाशी. "मिस्त्री, कोणी कबूल करत नाही. खोटं बोलू नका."

"खोटं काहून बोलू साहेब? जे बांधत नाही ते दुकानात बसून आहेत, अन् बांधनारा इथं बसून राहिला."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हता. अर्थिंग म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि आरोपीसारख्या बसवलेल्या माणसाला ते विचारायची लाज वाटत होती. विद्युत निरीक्षकांचा अहवाल यायला वेळ होता. मी नुसता सायकल हाणत होतो, ठाण्यातून अंगणात आणि अंगणातून ठाण्यात.

पाचव्या दिवशी मास्तरांच्या गल्लीत भांडी घासणाऱ्या बाईनं मला हटकलं. "जमादारसाहेब, सांगू का? कोनाले सांगजा नका. मरन झालं त्याच्या चार दिस पयले तो नळ चावत होता."

"नळ चावतो?"

"हात लावला का झिनझिन्या येत. मी तं भांडे तिथं घासनंच सोडलं होतं. मंग एक दिवस आपोआप बंद झालं."

आपोआप! या नोकरीत एक गोष्ट मी पक्की शिकलो होतो. आपोआप काही होत नाही, कोणाचा तरी हात असतो.

ठाण्यात आलो आणि लाज गुंडाळून ठेवली. मिस्त्रीला बाकावरून उठवलं, समोर खुर्ची दिली. "मिस्त्री, मी सातवी शिकलेला माणूस. मला पहिल्यापासून समजावून सांगा."

तो टेबलावरचा चहाचा कप ओढून म्हणाला, "हा कूलर समजा. पंपातली वायर खराब झाली, करंट पत्र्यात आला. आता त्याले जमिनीत जायले रस्ता पाह्यजे. तार बांधली असन तं तो तारेतून नळाच्या पाइपात, पाइपातून जमिनीत. नळ झिनझिन करन, पन मानूस वाचन. तेवढ्यात मिस्त्रीले बलवायचं. तार सोडली, तं नळ चूप. मंग करंट पत्र्यावरच थांबते. जो हात लावन त्याच्यातून जाते."

"तार कशी असते? रंग कोणता?"

"हिरवा, साहेब. आम्ही हिरवाच लावतो."

मी पंचनामा उघडला. तिसऱ्या पानावर, माझ्याच गिचमिड अक्षरात: 'नळाशेजारील भिंतीत खिळ्यास हिरव्या तारेचे वेटोळे टांगलेले दिसते.' कपडे वाळत घालण्याची तार समजून मी ते लिहिलं होतं. पाच दिवस उत्तर माझ्या फायलीत होतं आणि ते सांगणाऱ्याला मी बाकावर बसवून ठेवलं होतं.

तसाच अंगणात गेलो. वेटोळं खिळ्यावरच होतं. मालकीणबाईंना विचारलं, "ही तार नळावरून कोणी सोडली?"

"मी सोडली," त्या लगेच म्हणाल्या. आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमी अर्थिंग इचारलं. हे कुठं इचारलं?" मी कपाळाला हात लावला. त्या पुढे सांगू लागल्या, "कूलरातून तार नळाले आली होती. नळ चावे. म्हटलं कूलरचा करंट माह्या पान्यात येऊन राहिला, माठात भरून राहिला. लेकराबाळायनं पेलं तं? मंग लाकडी मुठीच्या सांडशीनं सोडली, अन् चांगली तार वाया काहून घालवा म्हनून टांगून ठेवली. तवापासून नळाले काही झालं नाही."

बोलता बोलता त्या थांबल्या. मिस्त्रीनं मला सांगितलेलं मी त्यांना सांगितलं नव्हतं. पण कूलर, नळ, खिळा, असं त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

"म्हंजे मीच मारलं का गा तिले?"

मी कागद काढला. जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला आणि वेटोळं जप्त केलं. ते सायकलच्या कॅरिअरला अडकवायला गेलो, तर तिथं माझा जेवणाचा डबा बांधलेला होता. हिरव्या तारेनं. खोलीतल्या कूलरमागून नळाकडे लोंबत गेली होती, पायात यायची, म्हणून महिन्यापूर्वी मीच कापून घेतलेली.

आमच्या घरी कूलरमध्ये पाणी बायको भरायची, आणि तिला सातवा महिना होता. सायकल किती जोरात हाणली, आठवत नाही. दारातूनच ओरडलो, "कूलरला हात लावू नकोस!"

ती शांतपणे कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर तांब्यानं पाणी मारत होती. "अहो, ओरडताय काय? मिस्त्री परवा संध्याकाळी येऊन नवीन तार बांधून गेले की."

"कोण मिस्त्री?"

"तुम्ही ठाण्यात बसवलंय तेच. तुमच्या सायकलवर तार बघितली म्हणाले. पण सायबाले सांगू नका म्हणाले. चौकशी चालू असताना सायबाच्या घरी फुकट काम केलं, असं लोक बोलतील, तुमच्या नोकरीवर येईल."

मी उंबऱ्यावरच बसलो. दिवसभर मी ज्याला खोटारडा म्हणत होतो, तो संध्याकाळी घरी जाताना वाट वाकडी करून माझ्या बायकोचा जीव सांभाळून गेला होता.

निरीक्षकांचा अहवाल पुढे आला. टाकीतलं पाणी संपल्यावरही पंप कोरडाच चालत राहिला, त्यामुळे आतली वायर जळाली होती. टाकीत पाणी उरलंय का, हे मास्तरांकडे कोणी वेळच्या वेळी बघत नव्हतं. साहेबांनी मर्ग अपघाती म्हणून बंद केला. मिस्त्रीचं परमिट राहिलं. मी त्याची माफी मागायला दुकानात गेलो, तर म्हणाला, "राहू द्या साहेब. त्या बाकावर सावली होती, माह्या दुकानात तं तेही नाही."

निवृत्त होऊन वर्षं झाली, पण लोक बदलले नाहीत. कूलर घेताना विचारतात, हवा किती लांब जाते, पत्रा जाड आहे का, खसची ताटी की लाकडाच्या भुशाची. मिस्त्री निवडताना विचारतात, आजच्या आज बसवतोस का. तो जाताना दारात उभा राहून काहीतरी सांगत असतो, तेव्हा सगळे वाऱ्यापुढे तोंड करून बसलेले असतात. मीही तसाच बसलो होतो. मला त्या लोकांचा राग येतो आणि त्यात माझाही असतो.

त्या पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. नाव ठेवण्याच्या दिवशी मिस्त्री आला होता. पाळण्याकडे जायच्या आधी तो खिडकीशी गेला, वाकला, तार ओढून पाहिली, आणि मगच हात धुऊन मुलीला उचललं.