गोठ्याच्या भिंतीवरचं जर्मन

निरगुडसरात जर्मनचा सर्वांत मोठा जाणकार कोण, असं विचारलंत तर अख्खं गाव आमच्या थोरल्या मामांकडं बोट दाखवील. जर्मनीतल्या लोकांचं मत वेगळं पडेल, पण त्यांना विचारतंय कोण! मामांची मुलगी तिकडं नर्स आहे, तिथंच लग्न करून राहिली, आणि आठ वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नाही. ती फोनवर भडाभडा बोलायची, मामा नुसतं "हां हां" करायचे, मग मुलगी मध्ये पडून अर्थ सांगायची. एक दिवस म्हणाले, "आरं, सख्खी नात, आन् तिच्याशी बोलाया मधी दुभाष्या? मीच शिकतो."

मुलीला विचारून एकेक शब्द ते गेरूनं गोठ्याच्या भिंतीवर लिहू लागले, अर्थासकट. 'गुटन मॉर्गन : राम राम, पण फक्त सकाळचा.' 'वी गेट्स : कसं चाललंय. बरं म्हणून सुटायचं, दुखणी सांगायची न्हाईत.' हे त्यांना कधीच पटलं नाही. "ऐकायचं नसंल तर इचारायचं कशाला, राव?" 'डांके : उपकार झाले. आपल्यात घरच्यांना म्हणत न्हाईत.' तरी धार काढून झाली की ते म्हशीला न चुकता डांके म्हणायचे, आणि आपल्याला मात्र उभ्या जन्मात एकदाही नाही, हे मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. सगळ्यात खाली होतं, 'गेझुंडहाइट : कुणी शिंकलं की म्हणायचं. म्हंजे तब्येत सांभाळा.'

हे लिहिताना त्यांचा हात नक्की अडखळला असणार. कारण मामांच्या घरी निघताना कुणी शिंकलं की पायताण काढायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि बसायचं. माझ्या साखरपुड्याला निघालेली जीप त्यांनी एका शिंकेपायी अर्धा तास उभी केली. सासरचे टोमणे मी अजून खातोय!

गेल्या उन्हाळ्यात मुलगी नातीला घेऊन आली. मामांनी तिला गोठ्यापुढं उभं करून सगळी भिंत वाचून दाखवली. पोरगी पोट धरून हसली, उच्चार दुरुस्त केले आणि "ओपा, ओपा" म्हणजे आजोबा, आजोबा करत त्यांच्या मागंमागं फिरली. तीन आठवडे कधी सरले कळलंच नाही.

निघायच्या सकाळी सामान विमानतळाच्या गाडीत चढलं, नात आत बसली. तेवढ्यात कोपऱ्यात मामा मामींची तपकिरीची डबी उघडताना मला दिसले. जन्मात तपकिरीला न शिवलेला माणूस! आणि मग ते असे शिंकले की दावणीची म्हैस उठून उभी राहिली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मुलगी निमूटपणे चप्पल काढायला वाकली. अर्धा तास तरी पदरात पडला होता.

पण नातीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ती आनंदानं ओरडली, "गेझुंडहाइट, ओपा!"

मामा तिच्याकडं बघतच राहिले. डोळ्यांतलं पाणी तपकिरीचं होतं, असं आपण म्हणू. मग मुलीला म्हणाले, "घाल ती चप्पल. इमान काय थांबणार न्हाई."

गाडी वळणाआड गेली तरी ते दारातच उभे. मामी आतून शिंकेनंतरचं ते घोटभर पाणी घेऊन आल्या. मामांनी तांब्या घेतला आणि हळूच म्हणाले, "डांके."

मामींनी हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.